ज्या सभागृहात जंजिऱ्याला जागा नव्हती

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि जुन्या कायद्यांची मोठी थप्पी निकालात निघाली. तिच्यात 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता, 1926 चा कामगार संघटना कायदा होता आणि 1936 चा वेतन प्रदान कायदाही होता. उद्योजकांनी स्वागत केलं, संघटनांनी निषेध केला, चर्चासत्रं झाली. या तिन्ही कायद्यांसाठी ज्या माणसाने आयुष्य वेचलं त्याचं नाव मात्र या गदारोळात फारसं कुणी घेतलं नाही. ते होते नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या गोरेगावात 5 जून 1879 रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईत लोअर परळला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून रोज हजारो लोक कामाला जातात आणि महिन्याचा पगार ठरल्या तारखेला मिळावा हा आपला हक्क आहे असं गृहीत धरतात. तो हक्क कुणी, कुठे, किती वर्षं भांडून मिळवला, हे सांगणारा माणूस त्या रस्त्यावर सापडणं कठीण आहे.

जोशी भांडले ते मध्यवर्ती कायदेमंडळात. 1919 च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधून जन्मलेलं, 1921 पासून 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्रीपर्यंत चाललेलं हे ब्रिटिश हिंदुस्थानचं कनिष्ठ सभागृह. आजच्या लोकसभेचं ते थेट पूर्वज. शाळेच्या पुस्तकात हे सभागृह एकाच दिवसापुरतं येतं: 8 एप्रिल 1929, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी टाकलेले बॉम्ब. तो दिवस मोठा आहेच. पण सव्वीस वर्षं चाललेल्या सभागृहाची एका दुपारपुरती ओळख उरावी, ही आपल्या सार्वजनिक स्मरणाची मोठी गळती आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर ती आणखी जाणवते. कारण या किनाऱ्याचा एक सुपुत्र त्या सभागृहात पाव शतक बसला होता आणि याच किनाऱ्याच्या एका मोठ्या पट्ट्याला त्या सभागृहात पाऊल ठेवायला जागाच नव्हती.

हा पट्टा म्हणजे जंजिरा संस्थान. उत्तरेला कुंडलिकेची खाडी, दक्षिणेला बाणकोटची खाडी आणि मधोमध आत शिरलेली राजपुरीची खाडी. आगरदांडा या मधल्या खाडीच्या उत्तर काठावर आहे, समोर दिघी. आज आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोट लागते, लोखंडी फळी खाली पडते, मोटारी आणि दुचाक्या आत शिरतात, त्यांच्या मधून मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका वाट काढतात आणि थोड्याच वेळात सगळे दिघीला उतरून श्रीवर्धन, म्हसळ्याकडे पांगतात. म्हसळ्यावरून तसंच पुढे गेलं की गोरेगाव लागतं. म्हणजे जोशींचं जन्मगाव आणि आगरदांडा एकाच दिवसाच्या वाटेवर. तरी 1921 मध्ये ही दोन गावं दोन वेगळ्या राजवटींत होती. गोरेगाव इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात, आगरदांडा सिद्दी नवाबांच्या जंजिऱ्यात. मध्यवर्ती कायदेमंडळ फक्त ब्रिटिश मुलखाचं होतं. संस्थानांतल्या माणसाला तिथे मत नव्हतं, उमेदवारी नव्हती, आणि त्याच्या राजाच्या कारभाराबद्दल तिथे कुणी प्रश्नही विचारू शकत नव्हतं.

खाडीपलीकडच्या ब्रिटिश मुलखात तरी सगळे मतदार होते अशातला भाग नाही. 1920 च्या पहिल्या निवडणुकीला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात या सभागृहाचे मतदार होते सुमारे 9 लाख. लोकसंख्या चोवीस कोटींच्या आसपास. ठरावीक रकमेच्या वर शेतसारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यालाच मत मिळे. 1934 साली हा आकडा 14 लाखांवर गेला, एवढीच काय ती प्रगती. अनेक जिल्हे मिळून एक मतदारसंघ होई, त्यामुळे कुलाब्यातल्या कुळाला आपला सभासद कोण हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. सभागृहात एकूण 145 जागा. त्यांतल्या 104 निवडून यायच्या, 41 सरकार नेमायचं. निवडून येणाऱ्यांतही मुसलमान, शीख, युरोपीय, जमीनदार, व्यापारी अशा वेगवेगळ्या गटांच्या राखीव जागा. हिंदी व्यापाऱ्यांसाठी जागा होत्या, जमीनदारांसाठी होत्या, गिरणीत बारा-बारा तास उभं राहिलेल्या कामगाराला निवडणुकीतून एकही नव्हती.

म्हणून कामगारांचा प्रतिनिधी सरकारने नेमला. ती नेमणूक ना. म. जोशींची.

त्याआधीच्या दहा वर्षांत जोशींनी काय केलं होतं ते पाहिलं की ही निवड का झाली हे कळतं. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते 1909 मध्ये दाखल झाले. 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने यांचं काम उभं केलं. 1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक झाली, तिला ते गेले. 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली तीत त्यांचा मोठा वाटा होता. सरकारला वाटलं असेल, हा मवाळ माणूस आहे, शांतपणे बोलेल. जोशी शांतपणेच बोलले. पण 1921 ते 1947 ते बोलायचे थांबले नाहीत.

पहिल्याच अधिवेशनात, मार्च 1921 मध्ये, त्यांनी कामगार संघटनांना कायद्याने नोंदणी आणि संरक्षण द्यावं असा ठराव आणला. त्यामागचं कारण ताजं होतं. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी संघटनेच्या पुढाऱ्यांवर दावा लावला होता आणि न्यायालयाने त्या पुढाऱ्यांना मनाई केली होती. कामगारांनी एकत्र येऊन संप करणं म्हणजे धंद्याविरुद्धचा कट, असा अर्थ कायद्याच्या पुस्तकातून निघत होता. जोशींचा ठराव मान्य झाला. मग सरकारने इलाख्यांची मतं मागवली, मसुदे काढले, वाट पाहायला लावली. कायदा मंजूर झाला 1926 मध्ये आणि अमलात आला 1 जून 1927 रोजी. सहा वर्षांत ठरावाचा कायदा झाला. सत्ता सरकारच्या हातात, बहुमत जोशींच्या मागे नाही, नेमणूक सरकारच्या मर्जीची. तरीही झाला.

1923 चा नुकसानभरपाई कायदा त्या मानाने लवकर आला. यंत्रात हात गेला, बोट तुटलं, माणूस मेला, तर मालकाने किती द्यायचं याचा हिशेब त्याने पहिल्यांदा बांधून दिला. गिरण्या, गोद्या, खाणी आणि जहाजांवरचे खलाशी त्याच्या कक्षेत आले. खलाशी हा शब्द कोकणच्या किनाऱ्याला काही नवा नाही. जंजिऱ्याच्या, रत्नागिरीच्या गावागावांतून माणसं बोटीने मुंबई गाठायची, कुणी गिरणीत लागे, कुणी जहाजावर. मुंबईच्या हद्दीत पाऊल ठेवताच त्या माणसाला जोशींनी मागितलेल्या कायद्याचं छत्र मिळायचं. तो कायदा करणाऱ्या सभागृहासाठी मत देण्याचा हक्क मात्र त्याला मुंबईतही नव्हता आणि गावीही नव्हता.

सगळंच जमलं नाही. 1924 मध्ये जोशींनी बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक आणलं. सभागृहाने ते फेटाळलं. त्याच मागणीवर पुढे मुंबई इलाख्याने 1929 मध्ये स्वतःचा कायदा केला, आणि साऱ्या देशासाठी कायदा व्हायला 1961 उजाडावं लागलं. पराभूत विधेयकांचीही किंमत असते, ती नंतर कळते.

1936 च्या वेतन प्रदान कायद्यात तर त्या काळच्या गिरणगावाचं चित्रच सामावलेलं आहे. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे पगाराची मुदत संपल्यापासून सात दिवसांत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहा दिवसांत पगार हातात पडलाच पाहिजे. दंड करायचा असेल तर कारण लिहून लावलेलं हवं, आणि दंडाची एकूण रक्कम रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर जाता कामा नये. ही कलमं कशासाठी लागली असतील याचा विचार करावा. पगार आठवडे आठवडे अडकवून ठेवायचा, मध्ये कामगाराने सावकाराचं कर्ज काढायचं, पगाराच्या दिवशी दंडाच्या नावाखाली पुन्हा कापून घ्यायचं, ही रीत होती. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने या रीतीची नोंद केली. त्या आयोगावरही जोशी होते. त्या अर्ध्या आण्याच्या एका ओळीने किती चुली पेटत्या राहिल्या असतील!

या सभागृहाच्या हातात किती सत्ता होती, हेही सांगायला हवं. फारच थोडी. सरकार पाडायचा अधिकार नाही. अर्थसंकल्पाचा मोठा भाग मतदानाच्या बाहेर. आणि सभागृहाने एखादं विधेयक फेटाळलं तर व्हाइसरॉय स्वतःच्या सहीने ते कायदा म्हणून लागू करू शकत होते. 1923 साली अर्थसदस्य सर बॅसिल ब्लॅकेट यांनी मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेला. सभागृहाने नकार दिला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी सही केली आणि कर दुप्पट झाला. मासळी खारवून पावसाळा काढणाऱ्या किनाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. पण नकार वायाही गेला नाही. पुढच्या निवडणुकीत मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष सभागृहात आला, केसरीचे न. चिं. केळकरही आले, 1924 मध्ये सभागृहाने अख्खं वित्त विधेयकच उडवून लावलं आणि मिठाचा कर परत सव्वा रुपयावर आला.

जंजिऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना मिठाचा कर वाढला त्याच्या आदल्या वर्षीची आहे, आणि ती जवळजवळ विस्मरणात गेली आहे. सप्टेंबर 1922 मध्ये सरकारने संस्थानिकांच्या संरक्षणाचं विधेयक आणलं. ब्रिटिश मुलखातल्या वर्तमानपत्राने एखाद्या संस्थानिकाविरुद्ध असंतोष पसरवणारं काही छापलं तर त्याला शिक्षा व्हावी, असा त्याचा मतलब. पुण्याच्या किंवा मुंबईच्या संपादकाने जंजिऱ्याच्या, कोल्हापूरच्या, सांगलीच्या कारभारावर लिहिलं तर त्याच्यावर खटला भरता येणार होता. संस्थानी प्रजेला स्वतःचं सभागृह नव्हतं, स्वतःची वर्तमानपत्रं जवळपास नव्हती, बाहेरच्या छापखान्याचाच काय तो आधार होता. तोही जाणार होता. मध्यवर्ती कायदेमंडळाने हे विधेयक मांडायलाच परवानगी नाकारली. ज्यांची मतं तिथल्या सभासदांना कधीच मिळणार नव्हती, त्या लोकांच्या बाजूने ते सभागृह उभं राहिलं. रीडिंग यांनी इथेही सही केली आणि कायदा लागू केला. पण नोंद राहिली. त्या नोंदीबद्दल आगरदांडा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन यांनी त्या सभागृहाचं ऋण मानलं पाहिजे.

संस्थानिकांना मात्र दिल्लीत स्वतंत्र जागा होती. 18 जानेवारी 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलेली ती गोल इमारत, जिला आपण परवापर्यंत संसद भवन म्हणत होतो, तिच्यात तीन सभागृहं होती. एक मध्यवर्ती कायदेमंडळाचं, दुसरं वरिष्ठ सभागृहाचं आणि तिसरं नरेंद्र मंडळाचं. अकरा किंवा त्याहून जास्त तोफांच्या सलामीचे संस्थानिक नरेंद्र मंडळाचे स्वतःच्या हक्काने सभासद. जंजिऱ्याचे नवाब अकरा तोफांचे. म्हणजे एकाच छपराखाली जंजिऱ्याच्या नवाबांसाठी खुर्ची होती आणि जंजिऱ्याच्या लाखभर लोकांसाठी एकही नव्हती. एका भिंतीपलीकडे ना. म. जोशी सातव्या दिवशी पगार मिळावा म्हणून बोलत होते.

1929 साली हर विलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानला लागू. कुंडलिकेच्या पलीकडे अलिबाग तालुक्यात मुलीचं लग्न चौदा वर्षांच्या आत लावलं तर गुन्हा, अलीकडे जंजिऱ्याच्या हद्दीत तो कायदा आपोआप येत नव्हता. 1937 मध्ये मुंबई शहराचे सभासद डॉ. गोपाळराव देशमुख यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा करून घेतला. आजही जुने वकील त्याला देशमुख कायदा म्हणतात. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा त्याने दिला. शेतजमीन त्यातून सुटली आणि हक्कही हयातीपुरताच राहिला, त्यामुळे खेड्यातल्या विधवेच्या पदरात थोडंच पडलं. पण हे खाजगी सभासदाने आणलेलं विधेयक होतं, सरकारने नव्हे. खाजगी सभासदाचं विधेयक कायदा होणं आज लोकसभेत जवळपास अशक्य झालं आहे. 1970 नंतर एकही झालेलं नाही.

सभागृहाचा मान राखण्याची रीतही तिथेच घडली. विठ्ठलभाई पटेल 22 ऑगस्ट 1925 रोजी सिमल्यात पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले, 58 विरुद्ध 56 मतांनी. त्यांनी 1929 च्या जानेवारीत सभागृहाचं सचिवालय सरकारी खात्यातून सोडवून स्वतंत्र केलं. त्याच वर्षी सार्वजनिक सुरक्षा विधेयक आलं. त्यात परदेशी कम्युनिस्टांना हाकलण्याचे अधिकार होते, आणि त्याच सुमारास मुंबईच्या गिरणी संपाचे पुढारी कम्युनिस्ट कटाच्या मीरत खटल्यात पकडले गेले होते. खटला न्यायालयात असताना या विधेयकावर चर्चा करायची तर खटल्याला हात लागणारच, तेव्हा एक तर खटला मागे घ्या नाही तर विधेयक थांबवा, असं विठ्ठलभाईंनी सरकारला बजावलं. ते निर्णय देणार त्याच सुमारास बॉम्ब पडले. बॉम्ब पडल्यावर कुणीही कचरला असता. विठ्ठलभाईंनी तीन दिवसांनी, 11 एप्रिलला, विधेयक नियमबाह्य ठरवलं. मग व्हाइसरॉयनी वटहुकूम काढला. इमारतीत पोलिसांचा हुकूम चालणार की अध्यक्षांचा, यावरून सरकारशी वाद झाला आणि सप्टेंबर 1929 मध्ये सभागृहाची स्वतःची सुरक्षा व्यवस्था उभी राहिली. परक्या सरकारच्या अर्धवट सभागृहात एका हिंदी अध्यक्षाने हे करून दाखवलं.

1942 पासून त्या सभागृहात एक विलक्षण दृश्य दिसत होतं. सरकारी बाकावर मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समोर कामगार प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी. एकाने 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी उचललेलं, दुसरा महाडजवळच्याच गोरेगावचा. बाबासाहेबांनी 1943 मध्ये खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचं सुधारणा विधेयक मांडलं. 1946 मध्ये कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी सुधारणा याच सभागृहातून झाली. युद्धकाळात सरकारने कोळसा खाणीत जमिनीखाली स्त्रियांना काम करण्याची मनाई उठवली, तेव्हा 1944 च्या फेब्रुवारीत सभागृहात तहकुबी सूचना आली आणि बाबासाहेबांना उभं राहून सरकारची बाजू मांडावी लागली. स्वतःच्या मनाजोगतं नसलेल्या निर्णयाचंही उत्तर सभागृहात द्यावं लागतं, हा दंडक तेव्हाही पाळला गेला.

शेवटचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. घराणं मूळ संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. 24 जानेवारी 1946 रोजी ते 66 विरुद्ध 63 मतांनी निवडून आले आणि सभागृह विसर्जित होईपर्यंत खुर्चीवर राहिले. पुढे तेच लोकसभेचे पहिले सभापती झाले. सरकार वटहुकमाने कारभार करू लागलं तेव्हा स्वपक्षाच्या पंतप्रधानांना पत्र लिहून त्यांनी नापसंती कळवली. विठ्ठलभाईंच्या खुर्चीत बसल्याचं भान त्यांना होतं.

जंजिऱ्याच्या लोकांनी स्वतःची जागा स्वतःच मिळवली. जानेवारी 1948 मध्ये संस्थानी प्रजेची चळवळ पेटली. नानासाहेब पुरोहितांसारखे पुढारी आणि मोहन धारियांच्या लोकसेनेतले तरुण त्यात होते. त्याच वर्षी संस्थान विलीन झालं, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात आले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत द्यायला ना शेतसारा लागला, ना तोफांची सलामी. वयाची एकवीस वर्षं पुरेशी होती. कुलाबा मतदारसंघातून निवडून गेले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये राजीनामा देऊन ते बाहेर पडले. या किनाऱ्याने लोकसभेत पाठवलेल्या पहिल्याच माणसाने मंत्रिपदापेक्षा सभागृहातला शब्द मोठा मानला.

आता मुद्द्यावर यायचं. ज्या तीन कायद्यांनी हा लेख सुरू झाला त्यांची जागा घेणाऱ्या संहितांपैकी वेतन संहिता 2019 मध्ये झाली. उरलेल्या तीन 22 सप्टेंबर 2020 रोजी लोकसभेने आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेने मंजूर केल्या. विरोधकांचा बहिष्कार होता. आधीचे मसुदे स्थायी समितीपुढे गेले होते हे खरं. जुने कायदे विखुरलेले होते, त्यांची एकत्र मांडणी व्हायला हवी होती हेही खरं. मोबाइलवर काम घेणाऱ्या गिग कामगारांची नोंद पहिल्यांदा कायद्यात झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तीनशेपेक्षा कमी कामगार असलेला कारखाना सरकारी परवानगीशिवाय बंद करता येईल, ही मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेताना सभागृहात कोण उभं राहिलं? कुणी दुरुस्ती मांडली, कुणी मतविभाजन मागितलं? जोशींच्या काळात सभागृहाला अधिकार नव्हते आणि वाद भरपूर होता. आज अधिकार पूर्ण आहेत आणि कोट्यवधी कामगारांचा कायदा दोन दिवसांत मार्गी लागतो. यात सत्ताधाऱ्यांचा दोष आहे, आणि बाकं रिकामी ठेवून बाहेर पडणाऱ्या विरोधकांचाही आहे. पराभव निश्चित असतानाही 1924 चं विधेयक मांडणारे जोशी सभात्याग करून घरी गेले नव्हते.

आगरदांड्याला हा प्रश्न दूरचा नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर दिघी बंदराचं काम आहे, औद्योगिक क्षेत्र येऊ घातलं आहे, पुलाच्या योजना आहेत. कंत्राटी कामगार वाढणार आहेत. त्यांचा पगार कोणत्या तारखेला मिळणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, संघटना बांधता येणार की नाही, हे सगळं त्या संहितांमध्ये आणि त्यांच्या नियमांमध्ये लिहिलेलं आहे. इथल्या मतदाराने प्रचाराला आलेल्या उमेदवाराला समाजमंदिर आणि रस्त्याबरोबर हेही विचारावं: कामगार संहितांवर तुम्ही सभागृहात काय बोललात? भाषण असेल तर त्याची प्रत दाखवा.

महाराष्ट्र शासनासाठीही एक काम आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेत त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातला स्वतंत्र खंड, दहावा, शासनाने काढला आहे. मध्यवर्ती कायदेमंडळाची इतिवृत्तं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात इंग्रजीत कुणालाही वाचता येतात. ना. म. जोशींच्या पाव शतकाच्या भाषणांचा, प्रश्नांचा आणि फेटाळल्या गेलेल्या विधेयकांचा एक खंड मराठीत निघावा, आणि त्याच्या प्रती गोरेगावपासून मुरूडपर्यंत प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात आणि हायस्कुलात जाव्यात. 2029 साली जोशींच्या जन्माला दीडशे वर्षं होतील. मनावर घेतलं तर तोवर हे काम आरामात होऊ शकतं.